हॉलच्या स्वयंपाकघरातली बातमी

कॅल्गरी, १९ मे १९९७

प्रिय तेता,

पोचले, खोली मिळाली, पोटभर जेवते आहे. तुझे सगळे प्रश्न एका ओळीत संपवले, आता बाकीचं सांगते. फोनच करणार होते, पण तुझा उजवा कान गेल्यापासून तू फोनवर नुसतं "काय? काय?" करतेस आणि शेवटी "बरं, देव पाठीशी" म्हणून ठेवून देतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

ऑफिस इतकं उंचावर आहे की खिडकीतून पर्वत दिसतात. मी कमर्शियल विभागात आहे. जमिनीतून गॅस काढणारे लोक वेगळे, ते आमच्याकडे फिरकतसुद्धा नाहीत. तो गॅस कोणाला, किती वर्षांसाठी आणि कुठल्या अटींवर विकायचा, हे आमचा विभाग ठरवतो. उन्हाळ्यापुरती आलेली आम्ही दोघं विद्यार्थी, मी आणि टोरांटोचा प्रेस्टन. समोरच्या गिऱ्हाइकाची माहिती जमवायची आणि साहेबाला एका पानात मांडून द्यायची, एवढंच आमचं काम. साहेबाचं नाव डग रेनिक. इथे साहेबालाही अरे-तुरे करतात, म्हणून मीही करते. तो इतका उंच आहे की दारातून येताना सवयीनेच वाकतो.

प्रेस्टनचे वडील आणि डग एकत्र गोल्फ खेळतात. प्रेस्टन बोलायला लागला की सगळे माना वळवून ऐकतात. मी बोलले की कोणीतरी म्हणतं, "सॉरी, काय म्हणालीस?" मला वाटतं माझा आवाजच बारीक आहे.

एक सांगायचं होतं. लसणीचं सॉसेज पुन्हा पाठवू नकोस. फ्रिज लहान आहे, आणि इथली माणसं वासाच्या बाबतीत जरा हळवी आहेत. नेस्टर वुइकोंना माझा नमस्कार सांग. बसवर माझी ट्रंक त्यांनी सख्ख्या मामासारखी एकट्याने चढवली, आता महिनाभर पाठ धरून बसतील.

तुझी,
स्लाव्का

*

बेरिझका, ४ जून

स्लाव्का पोरी,

फ्रिज लहान आहे म्हणे! तुझ्या आईचंही शाळेत असंच होतं. डबा बाकाखाली धरून खायची, म्हणजे इंग्लिश पोरींना आपल्या युक्रेनी जेवणाचा वास जायला नको. मी तिची मोठी बहीण, शेजारच्या बाकावर बसून मुद्दाम मोठ्याने चावायचे. ती गेली, नाहीतर आज तुला तिनेच सांगितलं असतं. जाऊ दे. यापुढे तुला मुरांबा पाठवीन, त्याला वास नसतो.

वुइकोची पाठ ठीक आहे. म्हणाला, "पोरीने ट्रंकेत पुस्तकं भरली होती की नांगराचे फाळ?" रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखा खणखणीत गायला.

हॉलमध्ये कोवालचुकांच्या मुलीचं लग्न आहे. आम्ही सगळ्या बायका दोन दिवस बटाट्याचं सारण भरून पिरोही वळतो आहोत. काल आम्ही वळत असतानाच गॅस सोसायटीच्या संचालकांची मीटिंग झाली, आमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तुला माहीतच आहे, मोठ्या हॉलमध्ये बसलं तर आवाज घुमतो आणि कॉफी लांब पडते, म्हणून यांचा सगळा कारभार स्वयंपाकघरात.

तर गंमत ऐक. येत्या हिवाळ्यापासून सगळ्या गावासाठी गॅस कोणाकडून घ्यायचा हे सोसायटीला ठरवायचंय. कॅल्गरीच्या दोन कंपन्या मागे लागल्या होत्या. एकीचा माणूस टकला, दुसरीचा उंच. संचालक त्यांना त्याच नावांनी ओळखतात, एक टकला आणि एक उंचाडा. काल कळलं की टकल्याने पत्र पाठवून अंग काढून घेतलं. राहिला एकटा उंचाडा. आपला वासिल चेअरमन एवढंसं तोंड करून म्हणाला, "हे या खोलीबाहेर गेलं तर उंचाडा आपल्याला सोलून काढेल. टकला अजून आहे असंच समजून वागायचं. आणि वापरू तेवढ्याचेच पैसे, ही अट काही झालं तरी सोडायची नाही." ती अट नेस्टरची. कापणीत पाऊस आला तर धान्य वाळवायला ढीगभर गॅस लागतो, आणि कोरडं गेलं तर काहीच नाही, हे त्यानेच सगळ्यांच्या डोक्यात घातलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हा बायकांना मात्र कोणी शपथ घातली नाही. पिरोही वळणाऱ्या बाईला कान असतात हे या पुरुषांना अजून कळलेलं नाही. मला तर एकच आहे, पण तो चांगला चालतो.

तू विकणाऱ्यांच्या गोटात बसली आहेस, म्हणून मजा म्हणून लिहिलं. तो उंचाडा ज्या कोणाचा असेल त्याला आमच्या वासिलचं नाटक बघायला मिळणार आहे!

तेता ओरिस्या

*

कॅल्गरी, ११ जुलै

प्रिय तेता,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. काम वाढलं आणि वर काउबॉयांची ती जत्रा, स्टॅम्पीड, सुरू झाली. या आठवड्यात अख्खं शहर वेड्यासारखं वागतं. बँकेतली माणसंही काउबॉय हॅट घालून येतात. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये फुकट पॅनकेक, आणि टायवर सिरप सांडलेले मोठमोठे साहेब. प्रेस्टनने नवे बूट घेतलेत, त्याला त्यात चालता येत नाही. मी माझे गोठ्यातले जुने बूट घालून गेले, तर सगळे म्हणाले, "हे खरे दिसतायत!" ज्या बुटांची आयुष्यभर लाज वाटली, ते घालून ऑफिसला या म्हणून सांगतात. आहे की नाही कमाल?

माझं बरं चाललं आहे. खरं म्हणजे खूपच बरं. एका गिऱ्हाइकाबद्दल मी थोडी माहिती दिली, ती उपयोगी पडली. डगने सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. आता मला मोठ्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसू देतात. मी बोलले की आता कोणी "सॉरी?" म्हणत नाही.

मुरांबा मिळाला. तुझी पत्रं मला खूप आवडतात. पण तेता, इतकं सगळं कशाला लिहीत बसतेस, हात दुखत असेल तुझा. नुसती खुशाली लिहिलीस तरी चालेल.

सोसायटीचं काही ठरलं का?

स्लाव्का

*

बेरिझका, २१ जुलै

स्लाव्का,

ठरलं बाई. नको तसं ठरलं.

गेल्या गुरुवारी उंचाडा आला. आम्ही त्याला रीतीप्रमाणे आधी जेवायला घातलं. पिरोही, कोबीचे रोल, बीटाचं लोणचं. तीनदा मागून घेतलं त्याने. मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताला चव आहे." मी फुगले. मग तोंड पुसून तो टेबलाशी बसला आणि म्हणाला की वापरू तेवढ्याचे पैसे हे काही जमणार नाही. दरसाल ठराविक गॅसचे पैसे द्यायचेच, जाळा नाहीतर जाळू नका. तेही पाच वर्षं बांधून.

नेस्टर शांतपणे म्हणाला, "मग आम्हाला दुसऱ्यांकडे जावं लागेल." तर तो हसला. वाईट हसला नाही, अगदी प्रेमाने हसला. म्हणाला, "दुसरे कोण? ते तर जूनमध्येच गेले ना?"

स्लाव्का, वासिलने समोरचा कागद ओढला आणि पेन मागितलं.

सही करावी लागली. हिवाळ्यात लेकराबाळांची घरं थंड कशी ठेवणार? सही झाली, तो गेला, आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बातमी खोलीबाहेर गेली होती. नेली कोणी? नेस्टरचा जावई कॅल्गरीत कुठल्याशा तेलकंपनीची गाडी चालवतो. तेवढं पुरलं. वासिलने त्याला तोंडावर काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "नेस्टर, हॉलच्या किल्ल्या काही दिवस माझ्याकडे राहू दे." नेस्टरने खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. हॉल बांधला तेव्हापासून त्या त्याच्याकडे होत्या.

मी कॉफी ओतत होते. त्याच्या कपापाशी आले आणि किटली घेऊन पुढे गेले. तसं मनात काही ठरवलं नव्हतं, पण हात थांबलाच नाही. त्याने रिकाम्या कपात बघितलं आणि उठून टोपी घातली. त्यानेच केलं असेल का गं? मला तर काही सुचेनासं झालंय.

तेता

*

कॅल्गरी, २८ जुलै

प्रिय तेता,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण कोणी बातमी फोडलीच असेल असं नाही. मोठ्या कंपन्यांना अशा गोष्टी आपोआप कळतात. पाइपलाइनमध्ये कोणी किती जागा राखून ठेवली, कोणी सोडली, यावरून अंदाज बांधता येतो. त्यासाठी शिकलेली माणसं ठेवलेली असतात. हे तू वासिल वुइकोंना समजावून सांग. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस, ऑफिसातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत असा इथे नियम आहे.

आणि खरं बघायला गेलं तर तशी अट सगळ्याच कंपन्या घालतात. त्यात फसवणूक अशी काही नसते. व्यवहार आहे.

नेस्टर वुइकोंनी केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना कॉफी देत जा, तेता. प्लीज.

इथे खूप उकडतं आहे. झोप लागत नाही.

स्लाव्का

*

बेरिझका, ६ ऑगस्ट

स्लाव्का,

वासिलला सांगितलं. म्हणाला, "अंदाजाने 'दुसरं कोणी नसेल' एवढं कळेल. 'जूनमध्ये गेले' हे अंदाजाने कसं कळेल?" तूच सांग, काय उत्तर देऊ?

नेस्टरने चर्चमध्ये गाणं सोडलं. कोणी सोड म्हटलं नव्हतं. गेल्या रविवारी आला तो सरळ मागच्या बाकावर जाऊन बसला. आपल्याकडे ना ऑर्गन ना काही, त्याने सूर धरला की मागून आपण सगळे. फादरांनी त्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि स्वतःच सुरू झाले, ते इतकं वर की आम्ही सगळ्या बायका मांजरी किंचाळाव्या तशा किंचाळलो. एरवी घरी येऊन पोट धरून हसले असते. कोणीच हसलं नाही.

सोमवारी तो माझ्या दारात आला. मला वाटलं आता कॉफीबद्दल बोलेल. पण त्याने तुझा पत्ता मागितला. मधाची बरणी पाठवायची म्हणे. "पोरीला तिथे घरचं काही मिळत नसेल." मी पत्ता लिहून दिला. आत ये म्हणायला पाहिजे होतं, ते तेव्हाही म्हटलं नाही.

तो गेल्यावर तुझी पत्रं काढून वाचत बसले. पहिल्यात तू लिहिलं आहेस की तुझा डग दारातून येताना वाकतो. आमच्या हॉलच्या दारातून तो माणूस असाच आला होता. नाव रेनिक की काय म्हणाला, मला नीट ऐकू आलं नव्हतं.

मी काही विचारत नाही. तूच सांग.

तेता

*

कॅल्गरी, १२ ऑगस्ट

तेता,

हो.

हे पत्र मी किती वेळा फाडलं ते विचारू नकोस. तुझं जूनचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की उंचाडा म्हणजे डग. तुला लगेच कळवायला हवं होतं की यापुढे मला काही लिहू नकोस, मी त्याच ऑफिसात आहे. ते मी केलं नाही. पण कोणाला सांगणारही नव्हते, हे खरं मान. महिनाभर गप्प बसले.

मग स्टॅम्पीडची ती सकाळ आली. पार्किंगमध्ये पॅनकेक खात उभे होतो. पुढच्याच आठवड्यात बेरिझकाला जायचं होतं, म्हणून डग तोच विषय काढून बसला. प्रेस्टन नक्कल करायला लागला. "हॉलवाले शेतकरी! आधी बटाटे चारून माणसाला आडवा करतात, मग गळा काढतात." पुढे त्याने आपल्यासारखं बोलूनही दाखवलं, वासिल वुइको बोलतात ना, जिभेवर गोटी ठेवल्यासारखं, अगदी तसं. सगळे हसले. तेता, मीसुद्धा हसले. मोठ्याने हसले, म्हणजे कोणाला शंका यायला नको.

डग म्हणाला, "ते सांगतात दुसरी कंपनी आहे. खरंच आहे का, हे कळलं असतं तर बरं झालं असतं." प्रेस्टन काहीतरी बोलणार होता. आणि मी म्हणाले, "कोणी नाही. जूनमध्येच गेले."

सगळे माझ्याकडे वळले. डगने विचारलं, "तुला कसं ठाऊक?" मी म्हणाले, "माझी मावशी तिथल्या हॉलमध्ये स्वयंपाक करते. मी तिथलीच आहे."

तोवर कोणी विचारलं की मी "एडमंटनच्या बाजूची" असं सांगत होते. आपल्या गावाचं नाव मी इथे पहिल्यांदा घेतलं ते असं. विकायला काढलं तेव्हा.

कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. कोणी लालूच दाखवली नव्हती. प्रेस्टनकडे नव्हती अशी एक गोष्ट माझ्याकडे होती, बस्स. थाप पडली तेव्हा मला बरं वाटलं. दोन दिवस बरंच वाटत राहिलं, हेही लिहून टाकते. आणि तुझं सॉसेज मी पहिल्याच दिवशी बाथरूममधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं, टिश्यूमध्ये गुंडाळून.

काल डगकडे गेले. म्हटलं, ती अट काढून टाक, ती माहिती माझी नव्हती. तो मला ओरडेल असं वाटलं होतं. त्याने दार लावलं, पाणी दिलं, म्हणाला, "स्लाव्का, तू काही चुकीचं केलेलं नाहीस. यालाच काम म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात परत ये, शिक्षण झालं की कायमची ये." चांगला माणूस आहे तो, तेता. त्याने दिलेलं पाणी मी न पिताच उठले.

मधाची बरणी आली आहे. उघडली नाही. मी काय करू?

स्लाव्का

*

बेरिझका, १६ ऑगस्ट

स्लाव्का,

तुझं पत्र बाहेरच्या पिंपात जाळलं. कोणाच्या हाती लागायला नको.

दिवसभर तुला शिव्या घातल्या. कोंबड्या घाबरून शेडमध्ये जाऊन बसल्या. मग आठवलं की पत्र मी लिहिलं होतं. वासिल म्हणाला होता, खोलीबाहेर जायला नको, आणि मीच ती बातमी पाकिटात घालून तिकीट लावून पाठवली. वर पोरीला हसवते म्हणून स्वतःवर खूश. आणि त्या बिचाऱ्याच्या कपात कॉफी न ओतणारीही मीच.

काल संचालक बसले होते तिथे गेले. एप्रन काढून ठेवला आणि सांगितलं की बातमी माझ्याकडून गेली. कॅल्गरीतल्या एका ओळखीच्या बाईला पत्रात लिहिलं, तिच्याकडून फुटली. तुझं नाव घेतलं नाही. तू तिथे कुठल्या ऑफिसात आहेस ते इथे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. वासिल म्हणाला, "ओरिस्या, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आम्हाला कळायला पाहिजे होतं." किल्ल्या त्याने लगेच नेस्टरच्या घरी पोचवल्या. नेस्टरने घेतल्या म्हणे.

आता बायका माझ्याशी फार गोड वागतात. चर्चचा सण जवळ आलाय, दोनशे माणसांचं जेवण. आणि मारुस्या मला म्हणते, "तुझी पाठ दुखते ना गं, यंदा तू बस. आम्ही करतो." माझी पाठ कधी दुखली? लग्न होऊन आले तेव्हापासून सणाचं पीठ मी मळते. यंदा घरी बसून खिडकीतून हॉलमधल्या तयारीचा धूर बघते आहे.

तू गप्प बसायचंस. ऐकतेस ना? तुझा शिष्यवृत्तीचा फोटो हॉलमध्ये लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. एका घराची लाज जायची ती माझ्यावरून जाऊ दे. मी म्हातारी आहे, मला आता कोणाला तोंड दाखवून नोकरी मिळवायची नाही.

तेता

*

कॅल्गरी, २२ ऑगस्ट

तेता,

मी सणाला येते आहे. बस दुपारी पोचते. घ्यायला कोणाला पाठवू नकोस.

तुझं ऐकावं असं मला फार वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच येते आहे. गेला आठवडाभर मी मनाशी म्हणत होते की झालं, वुइकोंना किल्ल्या मिळाल्या, प्रश्न मिटला. रोज सकाळी थोडं सोपं होत होतं. परवा प्रेस्टनच्या कुठल्याशा विनोदावर मी पुन्हा हसले. अगदी सहज.

मला अजिबात यायचं नाहीये. वासिल वुइकोंचं तोंड आठवलं की बसचं तिकीट परत करावंसं वाटतं. पण तू खिडकीत बसायचं आणि मी इथे मागच्या खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर सरकायचं, हे नाही जमणार मला. डगला सांगितलं की पुढच्या वर्षी येणार नाही. त्याला खरंच वाईट वाटलं.

काय बोलायचं ते बसमध्ये ठरवीन.

स्लाव्का

*

बेरिझका, ९ सप्टेंबर

स्लाव्का,

तुझं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, मधाबरोबरही चिठ्ठी घातली नव्हती, तरी उत्तर द्यायला हवं.

सणाच्या दिवशी सगळं सांगून तू संध्याकाळच्या बसने निघून गेलीस, म्हणून नंतरचं तुला माहीत नसेल. ओरिस्याला बायकांनी त्याच दिवशी आत बोलावलं. मारुस्याने स्वतःचा एप्रन काढून तिला बांधला आणि दोघी भांडी घासता घासता रडल्या. आता पुन्हा आधीसारख्याच भांडतात. मला आता ती कॉफी इतकी भरून देते की बशीत सांडते. तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. फोटो वासिलने काढलेला नाही. काढू म्हणणारे होते, त्यांना तो म्हणाला की पोरीने उभं राहून सांगितलं, आपल्यापैकी कोणी सांगितलं असतं?

करार झाला तो झाला. यंदा कापणी कोरडी गेली. धान्य वाळवायचा ड्रायर कोणी लावला नाही, पण गॅसचे पैसे भरायचे आहेत. लोक भरतील. कुरकुर करतील आणि भरतील.

आता माझं. तू सगळ्यांसमोर माझ्यापाशी आलीस, वाकलीस, आणि "मला माफ करा" म्हणालीस. मी "देव माफ करील" म्हणालो. कोणी वाकून माफी मागितली की आपण हेच म्हणतो. दुसरं काही म्हणायची पद्धत नाही. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. मी ते म्हणालो, आणि लोकांनी सुस्कारा टाकून चमचे उचलले.

तू पत्रात लिहिलं आहेस की माझ्या त्या शब्दाने तुझं मन हलकं झालं. ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, म्हणून हे लिहितो. मी देवाचं सांगितलं. माझं सांगितलं नाही.

त्या दिवसांत मला कोणी विचारलं नाही की नेस्टर, तू केलंस का. विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो आणि विषय संपला असता. कोणी विचारत नव्हतं, म्हणून मला सांगताही येत नव्हतं. मी जावयाला फोन करून विचारलं, की बाबा रे, चुकून कुठे बोललास का? गरीब माणूस, त्याने शपथ घेऊन "नाही" म्हणून सांगितलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या मुलीने तेव्हापासून फोन केलेला नाही. हे मी ओरिस्यालाही सांगितलेलं नाही.

आणि हे सगळं चालू होतं तेव्हा तुला खरं माहीत होतं. बाकीच्यांना माहीत नव्हतं, त्यांचं मी समजू शकतो.

तू आलीस, बोललीस, ते मोठं काम केलंस. मी ते कमी लेखत नाही. पुढची नोकरी नाकारलीस, तेही कळलं. पण तू मला मनापासून आवडायचीस पोरी, आणि आता तुझं नाव आलं की मी दुसरीकडे बघतो. मला स्वतःलाच याची लाज वाटते. चर्चमध्ये उभं राहून गायला लागलो की प्रत्येक ओळीत माफीच येते, आणि मी ती ओळ गाऊन पुढे जातो.

मी मनात कडवटपणा धरून बसणारा माणूस नाही. माफ करणं होईल हळूहळू. माझ्या बाजूने अजून झालेलं नाही, एवढंच तुला ठाऊक असावं. झालं की मी स्वतः कळवीन. तू विचारू नकोस.

नेस्टर बाब्याक